चवड्याखालचे खडे

दिवाळीच्या अंकात पायांच्या दुखण्यावर लेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात किराईताचा काढा वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. चकलीचा तुकडा तोंडात असताना हाडे, सांधे आणि शस्त्रक्रिया यांची वर्णने कोणाला गोड लागतील? तरीही हाच विषय मी निवडला, आणि निवडला तो दिवाळीमुळेच. वर्षातले हेच चार-सहा दिवस असे असतात की घरातली बाई पहाटेच्या अभ्यंगस्नानापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत फरशीवर अनवाणी उभी असते. तिचे पाय दुखतात. ते दुखणारच, असे आपण सारे धरून चालतो. तीही धरून चालते. आणि त्या धरून चालण्यात एखाद्या घरी एक खराखुरा रोग वर्षानुवर्षे लपून राहतो.

प्रथम शब्दांविषयी, कारण माझा व्यवसाय तोच. मी गोंडपिपरी येथे महाविद्यालयात मराठी शिकवतो. वैद्यकाशी माझा संबंध रोग्याचा सोबती एवढाच. पायाच्या पुढच्या भागाला, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेला जो रुंद पट्टा पाऊल टाकताना आपण जमिनीवर रेटतो त्याला, मराठीत ‘चवडा’ हा नेमका शब्द आहे. चवड्यावर बसून आपण चुलीत फुंकर घालतो, चवड्यांवर उभे राहून फडताळातला डबा काढतो. त्याच चवड्याखाली कातडी घट्ट होऊन जी टोचणारी गाठ बनते तिला आपण ‘कुरूप’ म्हणतो. कुरूप म्हणजे बेढब, आणि कुरूप म्हणजे पायातला तो बिनकाट्याचा काटा. एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ माझ्या वहिनींच्या पायांत एकत्र नांदत होते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. माझ्या शिक्षणाच्या काळात मला जेवूखाऊ घालणाऱ्या त्याच. दादांची तालुक्यातच धानाची शेती आहे. आमच्याकडे धानाची रोवणी म्हणजे आषाढ-श्रावणात बायकांनी दिवसभर घोट्याएवढ्या चिखलात वाकून उभे राहायचे, आणि शेतमालकीण झाली म्हणून वहिनी कधी बांधावर बसून राहिल्या नाहीत. बारा वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी पाय धुऊन त्या घरात आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, या फरशीखाली खडे भरले हायेत का जी?”

फरशी तर गुळगुळीत होती. पुढे कितीतरी वर्षांनी नागपूरच्या डॉक्टरांनी मला सांगितले की या रोगाचे देशोदेशीचे रोगी जवळजवळ हीच उपमा देतात. कोणी खडे म्हणतो, कोणी गोट्या म्हणतो. उपमा शिकवणाऱ्या माणसाला याचे नवल वाटले.

दोन-तीन वर्षांत वहिनींच्या पायांची बोटे वर उचलली जाऊन वाकडी झाली, अंगठा शेजारच्या बोटाखाली शिरला, आणि मग दुसराच प्रकार सुरू झाला. आमचा चंद्रपूर जिल्हा म्हणजे आनंदवनाचा जिल्हा. बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली ती १९४९ साली, इथेच वरोऱ्याला. कुष्ठरोगावर खात्रीची औषधे येऊनही आता कितीतरी वर्षे झाली. तरी वाकडी बोटे दिसली की आमच्या भागात बघणाऱ्याच्या डोळ्यांत पहिली शंका तीच उभी राहते. घरात मुलगी लग्नाची. वहिनींनी पायमोजे घालायला सुरुवात केली. चंद्रपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तिथे पायमोजे! हळदीकुंकवाला जाणे बंद झाले, कारण तिथे चपला काढाव्या लागतात आणि पायांवर पाणी घेणारी एखादी तरी असतेच.

या कोंडीतून त्यांना सोडवले ते गावात नेहमी येणाऱ्या आरोग्यसेविकेने. तिने वहिनींना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या टोकाने तळपायावर ठिकठिकाणी स्पर्श केला. प्रत्येक स्पर्श वहिनींनी अचूक सांगितला. अंगावर कुठे चट्टा नव्हता. कुष्ठरोगाने बिघडलेला पाय बहुधा बधिर असतो; खिळा रुतला तरी कळत नाही आणि त्या न कळण्यातूनच जखमा होतात. वहिनींचे उलट होते. त्यांना चटईची काडीही कळत होती. (आणि कुष्ठरोग असता तरी तो औषधाने बरा झाला असता, हे ती मुलगी ठासून सांगून गेली. आमच्याकडे तिच्यासारख्या मुलींना मानधन थोडे आणि शहाणपण फार असते.)

मग हा रोग कोणता? आपण सांध्यांच्या साऱ्या दुखण्यांना सरसकट ‘वात’ म्हणून मोकळे होतो. पण उतारवयात गुडघे झिजून होतो तो संधिवात निराळा. रक्तातील युरिक आम्ल वाढून अंगठा एका रात्रीत लाल होऊन सुजतो तो निराळा. आणि वहिनींचा निराळा. याला आपले वैद्य आमवात म्हणतात. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या जुन्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. दोन्ही शास्त्रांची मांडणी वेगळी, पण रोगी बहुधा तोच. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत हा दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि ऐन कर्त्या वयात गाठतो.

रोग दुर्मीळ आहे असे कोणी समजू नये. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली गेली. त्यांत हा रोग शंभरी अर्ध्याच्या आसपास निघाला, म्हणजे दोनशे प्रौढांमागे एक. आपल्या आळीत, चाळीत, सोसायटीत तेवढी माणसे असतातच. हाताची बोटे सुजली की लगेच दिसतात. पाय मात्र लुगड्याच्या निऱ्यांखाली असतात, आणि आईच्या पायांकडे आपण पाहतो ते नमस्कारापुरते.

आता त्या खड्यांची उकल. एका पावलात सव्वीस हाडे असतात. त्यांतली पाच लांब हाडे पावलाच्या मधून पुढे येतात आणि त्यांच्या गोल डोक्यांवर बोटे बसवलेली असतात. या पाच डोक्यांखाली निसर्गाने चरबीची एक छोटी गादी घातली आहे. आपण चालतो ते तिच्यावर. रोगाने तिथल्या सांध्यांचे अस्तर सुजते, सांध्याला आवळून धरणारे बंध सैल पडतात. बोटे हळूहळू वर आणि मागे सरकतात, आणि सरकताना ती गादीही आपल्याबरोबर पुढे ओढून नेतात. मग ती पाच डोकी आणि जमीन यांच्यामध्ये उरते काय, तर पातळ कातडी. सगळा भार तिच्यावर. तिला घट्टे पडतात, कुरुपे होतात, कधी ती फाटून जखम होते. म्हणजे वहिनींचे खडे काही कल्पनेतले नव्हते. ते त्यांचे स्वतःचेच हाड होते.

नागपूरला हे निदान झाले ते फार उशिरा. मधली सहा वर्षे आठवडी बाजारातल्या एका पुडीवाल्याने खाल्ली. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी वहिनी पळू लागत; दोन दिवस चुकली की अंथरुणाला खिळत. एवढ्या गुणाची पुडी म्हटल्यावर तिला नाव कोण ठेवणार? असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. या जातीच्या औषधाचा, कॉर्टिसोनचा, संधिवातावरचा चमत्कार अमेरिकेत फिलिप हेंच यांनी १९४८ साली पाहिला आणि १९५० साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध खरेच गुणी आहे. डॉक्टर आजही ते मोजून-मापून देतात. पण वर्षानुवर्षे बेहिशेबी घेतले की हाडे ठिसूळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते, जखमा भरत नाहीत. शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा ती जुनी पुडी आडवी आली.

डॉक्टरांनी पाय पाहिला तेव्हा प्रथम दोन्ही बाजूंनी चवडा मुठीत धरून हलकेच आवळला. वहिनी कळवळल्या. ही एवढी साधी परीक्षा! क्ष-किरणांच्या चित्रात करंगळीच्या मुळाशी हाडाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. पुष्कळांच्या बाबतीत हा रोग हाडावर आपली पहिली खूण तिथेच उमटवतो.

औषध सुरू झाले ते मेथोट्रेक्सेट. त्याच्या घराण्यात एक तेलुगू नाव आहे, ते वाचकांनी ऐकावे असे आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत या जातीच्या औषधांच्या निर्मितीचे काम चालवीत होते. ती योजली होती रक्ताच्या कर्करोगासाठी. सुब्बाराव १९४८ साली वारले. १९५१ साली गबनर या डॉक्टरांना त्यांपैकी एका औषधाने संधिवाताची सूज उतरते असे दिसले, पण हे सर्वमान्य व्हायला १९८८ साल उजाडले. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर ती घातक ठरते, म्हणून वहिनींच्या घरी कॅलेंडरावर दर रविवारी लाल शाईची फुली असते. दादा एरवी स्वतःच्या चष्म्याची जागा विसरतात. ही फुली विसरत नाहीत.

औषधाने सूज उतरली, ताप गेला, बोटांची मूठ मिटू लागली. पण आधीच निखळलेली हाडे औषधाने जागेवर येत नाहीत. मग पादत्राणे. पुढे रुंद, आत मऊ, आणि चवड्याच्या जरा मागे एक उंचवटा, म्हणजे भार डोक्यांवर न येता त्यांच्या मागे येतो. विदेशी पुस्तकांत हा उपाय मोठ्या विश्वासाने सांगितलेला असतो, आणि तो चांगलाच आहे. अडचण एवढीच की तो उपाय आपल्या उंबरठ्यापाशी संपतो. तिकडची बाई सकाळी बूट चढवते ते रात्री काढते. आमच्या वहिनींची चप्पल अंगणात राहते आणि त्या सोळा तास घरात, स्वयंपाकघरात, देवघरात, न्हाणीत अनवाणी असतात. आमच्या आईला, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंना, स्वयंपाकघरात चप्पल हा शब्द चालत नाही, मग वस्तू कशी चालावी? कुष्ठरोग्यांसाठी वापरतात त्या सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ चपलांचा एक जोड शेवटी कापडात शिवून ‘घरातले मोजे’ या नावाखाली आत आणला गेला. भाषेचा असाही उपयोग होतो. त्याने दीड वर्ष निभावले. मग उजव्या चवड्याखाली जखम झाली, ती भरेना, आणि शस्त्रक्रियेचा विषय निघाला.

या शस्त्रक्रियेची कल्पना ऐकताच कोणीही दचकेल. खडे टोचतात ना? मग खडे काढून टाकायचे. अमेरिकेत सेंट लुई येथे फिलिप हॉफमन यांनी १९११ साली हेच केले: बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची डोकी कापून काढली. त्याआधी १९०४ साली केलर यांनी अंगठ्याच्या सांध्याचा काही भाग काढण्याची रीत सांगितली होती. वेल्समधल्या फाउलर यांनी १९५९ साली त्यात आणखी एक शहाणपण घातले. तळव्याच्या कातडीची एक पट्टी काढून टाकायची आणि कडा जोडून घ्यायच्या, म्हणजे पुढे पळालेली चरबीची गादी मागे ओढली जाऊन आपल्या जागी येते. पुढे अनुभवाने असे दिसले की अंगठ्याचा सांधा मोकळा सोडला तर तो काही वर्षांनी पुन्हा वाकतो. म्हणून अंगठा त्याच्या मुळाशी कायमचा सांधून टाकायचा आणि बाकीच्या चार बोटांची डोकी काढायची, ही जोडरीत रूढ झाली. अलीकडे औषधे चांगली निघाल्याने सांधे इतके नासत नाहीत. तेव्हा हाड काढून न टाकता तिरपे कापून थोडे आखूड करायचे आणि सांधा वाचवायचा, याकडे कल आहे. अमेरिकेतील वाइल यांची १९८५ सालची पद्धत ती हीच. वहिनींचे सांधे मात्र वाचवण्याच्या पलीकडे गेले होते.

“काहून कापता जी हाडं? मग मी चालीन कशी?” वहिनींनी शल्यविशारदांना सरळ विचारले. मला त्यांचे उत्तर आवडले. ते म्हणाले, “बाई, पाय नवा करून देता येत नाही. थोडी हालचाल मी तुमच्याकडून घेणार, आणि त्याच्या बदल्यात दुखणे घेऊन जाणार. सौदा पटतो का बघा.” मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नव्हते. स्वयंपाक उभ्याने की बसून? शौचाला कसे बसता? शेतात जाता का? चवड्यावर बसता का? कारण सांधलेला अंगठा मुळाशी वाकत नाही. टाचा उचलून चवड्यावर बसणे त्या पायाला कायमचे बंद. अंगठा कोणत्या कोनात सांधायचा हेही राहणीवर ठरते: उंच टाचांचे बूट घालणारीचा अधिक वर, अनवाणी वावरणारीचा जमिनीलगत. दोन-चार अंशांचा फरक, पण चुकला तर जन्मभर टोचतो.

दोन आठवडे घरात खल झाला. आश्चर्य म्हणजे अडले ते हाडांपाशी नव्हे, जोडव्यांपाशी. बोटे सुजून वाकल्यामुळे जोडवी निघत नव्हती. ती कापावी लागणार होती. आई म्हणाली, “नवरा जिता असताना?” ती वाद घालत नव्हती, ती घाबरली होती. दादा सोनाराला घरी घेऊन आले, स्वतः जमिनीवर बसले, वहिनींचा पाय मांडीवर घेतला आणि सोनाराला म्हणाले, “काप.” त्या चांदीचे काय करायचे हे पुढे आईनेच ठरवले. तिची भर घालून वहिनींचे पैंजण वाढवून घेतले. पैंजण घोट्यावर असतात. तिथे रोग नव्हता.

दुसरी अट डॉक्टरांची होती. आमच्या भागात बायका दातांना नस, म्हणजे तंबाखूची भाजून केलेली पूड, घासतात. तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखम आणि हाड दोन्ही भरायला वेळ लागतो. चार आठवडे नस बंद. वहिनींच्या मते सगळ्या प्रकरणात खरी वेदना हीच होती.

शस्त्रक्रिया जानेवारीत ठरवली, म्हणजे चिखलाच्या आत पाय कोरडा होईल. आधी पायाची जखम भरवून घेतली. मानेचेही क्ष-किरण चित्र घेतले. पायाच्या शस्त्रक्रियेला मान कशाला, असे मला वाटले. पण हा रोग मानेतल्या वरच्या मणक्यांचे बंधही सैल करतो आणि भूल देताना मान मागे वाकवली तर धोका असतो. वहिनींना कमरेतच सुई दिली. दीड-दोन तास लागले. बाहेर आल्या तेव्हा बोटे सरळ, आणि प्रत्येक बोटाच्या टोकातून एकेक पोलादी तार बाहेर आलेली, उदबत्तीच्या घरात काड्या खोचाव्यात तशी. अंगठ्यात पट्टी आणि स्क्रू. धाकटा पुतण्या पाहताक्षणी बाहेर पळाला.

पुढचे सहा आठवडे कंटाळ्याचे. पाय उशीवर उंच ठेवायचा, उतरायचे ते टाचेवर भार येईल अशा खास बुटात, तेही न्हाणीपुरते. तारा सहा आठवड्यांनी ओपीडीतच काढल्या. ओढून काढतात, फारसे दुखत नाही. टाके मात्र पातळ कातडीमुळे आठवडाभर उशिरा काढावे लागले आणि एका कोपऱ्यात पू झाला. अंगठ्याचे हाड जुळायला तीन महिने गेले. या शस्त्रक्रियेत सगळे सुरळीत होतेच असे नाही. जखम चिघळते, हाड जुळत नाही, बोट बधिर राहते, क्वचित बोटाचा रक्तपुरवठा बिघडतो, काही वर्षांनी एखादे हाड पुन्हा टोचू लागते. हे सारे डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिले होते. सहा-सात तास मोटारीने जाऊन-येऊन तपासणी करणे हा खर्च मात्र कागदावर नव्हता. गोंडपिपरीहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि पाय उंच ठेवून एसटीत बसता येत नाही.

आता पाऊल कसे आहे? देखणे म्हणता येणार नाही. बोटे आखूड झाली आहेत आणि स्वतःहून फारशी वळत नाहीत. पळता येत नाही. चालताना रेटा कमी पडतो. उकिडवे बसायचे तर दोन्ही टाचा टेकवूनच. रोवणीला उतरायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे, म्हणून यंदा वहिनी बांधावर खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून बायकांना एवढ्या सूचना दिल्या की बायकांनीच त्यांना घरी जायची विनंती केली. पण उजव्या पायाखालचे खडे गेले. फरशी फरशी झाली. मुलीच्या लग्नात त्या बोहल्याजवळ तीन तास अनवाणी उभ्या होत्या, मोज्यांवाचून, आणि येणारीजाणारीला आपण होऊन पाय दाखवीत होत्या: तारा इथून होत्या, टाके इथे. मंगळवारच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण आता त्या चुकवीत नाहीत. गेल्या हंगामात झाडीपट्टीचे नाटक पाहायला गेल्या आणि पहाटे संपेपर्यंत बसून राहिल्या. घरी आल्या त्या दादांच्या पुढे चालत.

डावा पाय अजून तसाच आहे. तिथले खडे आता अधिकच टोचतात, असे त्या सांगतात. पूर्वी दोन्हीकडे सारखेच होते तेव्हा तुलना नव्हती. डॉक्टर पुन्हा जानेवारी म्हणतात. वहिनी म्हणतात, आधी धान घरात येऊ द्या, मग बघू. सोनाराला मात्र त्यांनी सांगून ठेवले आहे.